लंडनहून लील: परतीच्या गाडीपासून आखलेली शनिवार-रविवारची सहल

लंडनमधून दोन दिवसांसाठी परदेशी जायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी शहर निवडतात आणि मग तिकिटांकडे वळतात. मी हा क्रम उलटा करते. रविवारी संध्याकाळी परतणारी कोणती गाडी वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने परवडते हे आधी पाहावे, त्या गाडीवरून हातात किती तास उरतात ते मोजावे, आणि तेवढ्या तासांत जे शहर पायी फिरून होईल तेच निवडावे. शुक्रवार आणि रविवारच्या संध्याकाळच्या गाड्यांना सर्वाधिक मागणी असते, तिकिटे काही महिने आधी खुली होतात आणि स्वस्त जागा सर्वांत आधी जातात. त्यामुळे परतीच्या तिकिटात उशीर झाला, तर बाकीचा बेत कितीही नेटका असला तरी खिशाला चाट बसतेच. या हिशोबात माझ्या पसंतीस पॅरिसपेक्षा उत्तर फ्रान्समधले लील अधिक उतरते.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून, समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टार या रेल्वेसेवेची सर्वांत जलद गाडी पॅरिसला २ तास १६ मिनिटांत पोहोचते, ब्रुसेल्सला साधारण दोन तास लागतात आणि लीलला दीड तासही लागत नाही. वरवर पाहता पॅरिस आणि लील यांत तासाभराचाच फरक आहे आणि तेवढ्यासाठी पॅरिस कशाला सोडायचे, असे कोणीही विचारेल. पण गाडीत बसलेला वेळ म्हणजे सगळा प्रवास नव्हे. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी प्रवेशाची फाटके बंद होतात, त्याआधी सामानाची तपासणी आणि पासपोर्टची रांग असते, म्हणून मी स्थानकावर किमान सव्वा तास आधी पोहोचते. हा वेळ दोन्ही शहरांसाठी सारखाच. खरा फरक पडतो तो उतरल्यावर. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावरून मेट्रो पकडून, बदलून, हॉटेल शोधेपर्यंत पाऊण तास सहज जातो, तर लील-युरोप स्थानकातून मुख्य चौक चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. शिवाय पॅरिसला दोन दिवसांसाठी गेले की काय वगळायचे यावरच घरात वाद होतात. लीलमध्ये ती वेळ येत नाही.

फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते, हेही या गणितात धरावे लागते. समजा, शनिवारी सकाळी सातची गाडी मिळाली, तर लीलमध्ये उतरताना तेथे साडेनऊ वाजत आलेले असतात. उलट रविवारी रात्री साडेआठला तेथून निघालेला माणूस कागदावर नऊच्या आत लंडनमध्ये पोहोचतो. म्हणजे शनिवारी सकाळी गमावलेला तास रविवारी संध्याकाळी, जेव्हा त्याची खरी किंमत असते, तेव्हा परत मिळतो. अडचण एकच आहे: पॅरिसला दिवसभर जवळजवळ तासातासाला गाडी असली, तरी लीलला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. म्हणूनच परतीची गाडी आधी निश्चित करण्याचा माझा आग्रह लीलच्या बाबतीत दुप्पट असतो.

लील इतके सोयीचे ठिकाण होण्यामागे राजकारण आहे. इंग्लिश खाडीखालचा बोगदा ठरला, तेव्हा पॅरिसहून त्याच्याकडे जाणारा अतिवेगवान मार्ग आमियँ शहरावरून न्यावा की लीलवरून, हा वाद होता. लीलचे महापौर पिएर मोरवा हे १९८१ ते १९८४ या काळात फ्रान्सचे पंतप्रधान राहिलेले होते, आणि त्यांनी आपले सगळे वजन खर्च करून तो मार्ग आपल्या शहरातून नेला. १९९३मध्ये तो सुरू झाला आणि कापडगिरण्या व कोळसाखाणी बंद पडून खचलेला हा भाग अचानक पॅरिस, ब्रुसेल्स आणि लंडन यांच्या मधल्या तिठ्यावर आला. नव्या स्थानकाभोवतीच्या वस्तीचा आराखडा डच वास्तुशिल्पी रेम कूलहास यांनी केला. मला ती काचेची आणि काँक्रीटची वस्ती फारशी आवडत नाही, पण गाडीतून उतरणाऱ्याला ती पाचच मिनिटांत ओलांडता येते. आमियँच्या वाट्याला मात्र शेतांच्या मधोमध उभे राहिलेले ओत-पिकार्दी हे स्थानक आले, आणि तेथील लोकांनी त्याला ‘बीटाचे स्थानक’ असे नाव ठेवले. आपल्याकडे एखाद्या तालुक्याला बगल देऊन रेल्वे गेली की जशी नावे पडतात, तशातलाच हा प्रकार.

आता व्हिसाकडे वळते, कारण भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी तिकिटाइतकेच ते महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असला तरी फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात अपॉइंटमेंट मिळण्यालाच वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे. जून २०२४पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो. एवढा खर्च एकाच शनिवार-रविवारसाठी करणे मला पटत नाही. त्यापेक्षा एखाद्या मोठ्या सहलीसाठी व्हिसा काढताना अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागावा आणि त्याच्या मुदतीत अशा छोट्या सहली बसवाव्यात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, ही मर्यादा दोन-दोन दिवसांच्या सहलींना पुरून उरते.

भारतातून आलेल्या आई-बाबांना बरोबर न्यायचे असेल, तर त्यांनी शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून यावे, कारण अर्ज साधारणपणे आपण कायद्याने जेथे राहतो त्याच देशातून करावा लागतो आणि पाहुणे म्हणून आलेल्यांना लंडनमधून तो देणे सहसा जमत नाही. भारतात राहणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४पासून एक सवलतही आहे: आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरलेले असतील, तर दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. त्यांच्या ब्रिटनच्या व्हिसावर पुन्हा प्रवेश करता येतो ना, एवढे मात्र तिकिटे काढण्याआधी पाहून घ्यावे.

फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच, सेंट पँक्रासलाच होते. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपीय संघाने शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली असल्यामुळे पहिल्या खेपेस थोडा जास्त वेळ धरावा. लीलला उतरल्यावर मग कोणी अडवत नाही, थेट रस्त्यावर यायचे. परतताना दोन्ही देशांची तपासणी लीललाच उरकते, आणि तेथील प्रतीक्षागृह लहान असल्याने मी तेथेही सव्वा तासाचाच नियम पाळते.

शुक्रवारी कामावरून थेट निघावे की शनिवारी पहाटे, याबद्दल घरोघरी मतभेद असतील. मी शनिवारच्या बाजूची आहे. शुक्रवारी रात्री पोहोचेपर्यंत तेथे दहा वाजतात, बहुतेक स्वयंपाकघरे आवरलेली असतात आणि हॉटेलची एक रात्र निव्वळ झोपण्यासाठी खर्च होते. शुक्रवारी रात्री लंडनच्या भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया आणि पिकॅडिली या मार्गांवर रात्रभर गाड्या चालू असतात आणि दोन्ही मार्ग किंग्ज क्रॉस सेंट पँक्रासला थांबतात, त्यामुळे शनिवारी पहाटे टॅक्सीचा खर्च न करता स्थानकावर पोहोचता येते. पुढचा प्रवास सांगण्यासारखा फार नाही. गाडी केंटमधून ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाते, सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यात वेग १६०वर उतरतो, वीसेक मिनिटे खिडकीबाहेर अंधार असतो, आणि बाहेर आल्यावर फ्रान्स.

लीलमध्ये उतरल्यावर आधी जुने लील-फ्लांद्र स्थानक पाहावे. त्याचा दर्शनी भाग मूळचा पॅरिसच्या पहिल्या गार द्यु नॉरचा आहे. ते स्थानक अपुरे पडू लागले, तेव्हा त्याचे दगड उतरवून येथे पुन्हा रचले गेले. तेथून सरळ रस्ता मुख्य चौकात जातो. या चौकाला येथेच १८९० साली जन्मलेल्या जनरल द गॉल यांचे नाव आहे. चौकाच्या कडेला १६५२-५३मध्ये, म्हणजे हे शहर स्पेनच्या राजाकडे असताना, बांधलेला जुना बूर्स आहे: व्यापाऱ्यांचे सौदे ठरण्यासाठी एका आवाराभोवती रचलेली चोवीस घरे. आता त्या आवारात दुपारी जुनी पुस्तके विकणारे बसतात आणि एका बाजूला बुद्धिबळाचे डाव चालतात. फ्रेंच वाचता येत नसले तरी जुनी पोस्टकार्डे आणि नकाशे चाळण्यात माझा तास जातो. चौदाव्या लुईने १६६७मध्ये शहर जिंकल्यावर वोबाँ या लष्करी अभियंत्याकडून बांधून घेतलेला चांदणीच्या आकाराचा किल्ला अजूनही सैन्याकडे आहे, पण भोवतालच्या झाडीत फिरता येते. शनिवारची संध्याकाळ मी जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांसाठी ठेवते, आणि काही खरेदी करायची असेल तर तीही शनिवारीच उरकते, कारण रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात.

रविवारी सकाळी वाझेम भागातला बाजार भरतो. भाजी, फळे, कापड, ऑलिव्ह, मोरोक्कन पाव आणि प्रचंड गर्दी. मंडईत वाढलेल्या माणसाला तेथे लगेच घरच्यासारखे वाटते. दुपारी मेट्रोने शेजारच्या रुबे या शहरात जावे. तेथे १९३२मध्ये गिरणी कामगारांच्या शहरासाठी बांधलेला सार्वजनिक जलतरण तलाव १९८५मध्ये बंद पडला आणि २००१मध्ये त्याचेच कलासंग्रहालय झाले. ‘ला पिसीन’ नावाच्या या संग्रहालयात मधोमध पाणी अजून राखलेले आहे, दोन्ही काठांवर शिल्पे उभी आहेत, आणि दोन टोकांच्या रंगीत काचांच्या अर्धगोलांत एकीकडे उगवता आणि दुसरीकडे मावळता सूर्य आहे. या सहलीतली एकच जागा निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन. सोमवारी ते बंद असते, तेव्हा जोडून सुट्टी असली तरी ते रविवारीच पाहावे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी तयारीने जावे. येथील पारंपरिक खाणावळींत बिअरमध्ये शिजवलेले गोमांस हा मुख्य पदार्थ असतो. पावावर वितळवलेल्या चीजचा ‘वेल्श’ मिळतो, पण त्यात हॅम आणि बिअर दोन्ही असतात. हॅम सांगून वगळता येते, बिअर येत नाही. दुपारी दोन-अडीचनंतर बहुतेक ठिकाणी जेवण मिळत नाही. घरून चिवडा-चकली न्यायला हरकत नाही, मात्र ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने पेढे आणि पनीर घरीच ठेवावे. उलट दिशेनेही एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनने तशीच बंदी घातली, त्यामुळे मारवाल हे येथील उग्र वासाचे चीज तेथेच खाऊन यायचे. व्हॅनिला भरलेले पातळ वाफल मात्र खुशाल आणावेत. सप्टेंबरचा पहिला शनिवार-रविवार शहरभर जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. तेव्हा हॉटेलची खोली मिळणे कठीण असते आणि माझ्यासारख्या निवांत फिरणाऱ्यांनी ती तारीख टाळलेली बरी.

हॉटेल मी दोन्ही स्थानकांच्या जवळपासचेच घेते, म्हणजे रविवारी खोली सोडल्यावर बॅग तेथेच ठेवून दिवसभर फिरता येते. फ्रान्समधल्या रेल्वेच्या संपांची सूचना आधी जाहीर होत असल्याने ती शुक्रवारी एकदा पाहून ठेवते. रविवारी रात्री भुयारी रेल्वे रात्रभर चालत नाही, म्हणून तासभर उशीर झाला तरी शेवटची गाडी चुकणार नाही इतपत लवकर लंडनला पोहोचवणारी परतीची गाडी निवडते, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आधी कोणतीही बैठक ठेवत नाही.