सेल्युलोजच्या मागे लागलेली बाई

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर डेबोरा डेल्मर या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंचे जुने पेपर वाचत बसले आणि आता झोपच येत नाहीये, म्हणून लिहून काढते.

माझं काम बॅक्टेरियल सेल्युलोजवर आहे, म्हणजे झाडांच्या पेशीभिंतीत असतं तेच सेल्युलोज, पण बॅक्टेरियाने बनवलेलं. व्हिनेगरवाल्यांचा जुना ओळखीचा असिटोबॅक्टर झायलिनम (आता नाव बदललंय, पण तोंडात तेच बसलंय), फ्लास्क न हलवता ठेवला की वर सायीसारखा जाड थर धरतो आणि तो धुऊन घेतला की राहतं ते जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. आम्ही त्याला वाढवतो ते मीडियम हेस्ट्रिन आणि श्राम यांनी १९५४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात काढलेलं, अजून जगभर तेच चालतं.

डेल्मर बाईंना मात्र झाडं सेल्युलोज कसं बनवतात ते हवं होतं, आणि तिथेच सगळं अडलेलं. झाडाची पेशी फोडली की ती सेल्युलोज बनवायचंच बंद करते आणि कॅलोज बनवायला लागते. दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, कच्चा माल दोन्हीला यूडीपी-ग्लुकोजच (साखळीत जोडायला तयार करून ठेवलेलं ग्लुकोज), फक्त जोडणी वेगळी, सेल्युलोजमध्ये १-४ आणि कॅलोजमध्ये १-३. पेशीच्या दृष्टीने ती जखमच, मग ती जखम बुजवायला घेते! म्हणजे ज्या एन्झाइमला बघायचंय त्याला बाहेर काढायला गेलं की तेच काम थांबवणार, आणि यात वर्षानुवर्षं गेली, एकट्या त्यांची नाही, सगळ्या फील्डची. मला या मधल्या वर्षांबद्दलच सगळ्यात जास्त आदर वाटतो, ज्यांच्यावर कोणी हेडलाइन लिहिली नाही.

बॅक्टेरियात ग्लेझरने १९५८ मध्येच पेशीबाहेर थोडंसं सेल्युलोज बनवून दाखवलं होतं, पण फारच थोडं. मग १९८२ मध्ये अलोनी, डेल्मर आणि बेन्झिमन यांना दिसलं की जीटीपी हा पेशीतला एक छोटा रेणू घातला (सोबत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि एक प्रोटीन) की वेग एकदम वाढतो. का वाढतो हे बेन्झिमन यांच्या लॅबने १९८७ मध्ये सांगितलं, जीटीपीपासून सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा एक छोटा रेणू बनतो आणि खरा चालू-बंद करणारा तो आहे. आज बायोफिल्मवर (पृष्ठभागाला चिकटून बसणाऱ्या बॅक्टेरियाच्या थरावर) काम करणारा प्रत्येक जण हा रेणू ओळखतो, आणि तो सापडला सेल्युलोज शोधता शोधता, हे वाचून मला खरंच भरून आलं.

१९९० मध्ये बॅक्टेरियाचं सेल्युलोज बनवणारं जीन मिळालं, अमेरिकेत ऑस्टिनला माल्कम ब्राउन यांच्या लॅबमध्ये इंदर सक्सेना यांनी आणि दुसऱ्या एका टीमनेही. झाडाचं मिळायला १९९६ उजाडलं, आणि ते मिळालं कापसात! आमच्या घरी यवतमाळला पराटी लहानपणापासून बघतेय, पण बोंडातला एकेक तंतू ही एकच पेशी असते, सरकीच्या सालीवरची, अडीच-तीन सेंटीमीटर लांब, हे मला एमएस्सीला कळलं. फूल उमलल्यावर ती आधी लांब होते आणि साधारण तीन आठवड्यांनी आत सेल्युलोजचे थर धडाधड चढायला लागतात. डेल्मर आणि कॅलजीन कंपनीच्या लोकांनी नेमक्या त्या वेळचे तंतू घेतले, त्यात चालू असलेली जीन्स वाचत गेले आणि दोन अशी सापडली की जी बॅक्टेरियाच्या जीनशी सगळीकडे नाही पण मोक्याच्या जागी जुळतात. त्याच्या प्रोटीनचा तुकडा यूडीपी-ग्लुकोज धरतो हेही त्यांनी दाखवलं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आपल्या कापसातच होतं का गं ते?" हो बाबा, तिथेच होतं.

झाडाचं शुद्ध एन्झाइम टेस्ट ट्यूबमध्ये सेल्युलोजचे तंतू बनवतंय हे दिसायला मात्र २०१६ उजाडलं, अमेरिकेतल्या झिमर यांच्या लॅबमध्ये, पॉप्लर नावाच्या झाडाचं एन्झाइम घेऊन. तोवर डेल्मर बाई लॅब सोडून रॉकफेलर फाउंडेशनमध्ये गरीब देशांच्या शेतीच्या कामात गेलेल्या होत्या.

अजूनही साखळ्या बाहेर पडल्यावर एकत्र येऊन धागा कसा वळतात यावर भरपूर करण्यासारखं आहे, बॅक्टेरियात रांगेने उभे असलेले एन्झाइम आणि झाडात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी त्यांची जुळणी (रोझेट), दोन्हीकडून धागे निघतात पण वेगवेगळ्या घडणीचे. मला यावरच काम करायचंय, उद्या मॅडमना तेच विचारणार आहे.