डिप्पर मारल्यानंतरचा अंधार

आजऱ्याच्या पश्चिमेकडच्या गावांतून दूध गोळा करणाऱ्या एका पिकअपच्या दिव्यांचे काम गेल्या गळीत हंगामात माझ्याकडे आले. ते पूर्ण झाले, असे मला अजूनही ठामपणे म्हणवत नाही. गाडी चालवणारे मामा माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे आहेत आणि त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ आहे. एका संध्याकाळी भरलेले कॅन घेऊन परतताना उसाची एक ट्रॉली त्यांना अगदी अंगावर आल्यावरच दिसली होती. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, उसाची टोके मात्र हातभर बाहेर आलेली होती. ब्रेक वेळेत लागला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ऑनलाइन मागवलेला लांबलचक एलईडी बार घेऊन माझ्या दुकानात हजर झाले. "मिस्त्री, ह्यो टपावर बसवा आन् स्विच माझ्या हाताजवळ द्या," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

गाडीला नवा दिवा लावण्याआधी जुन्या दिव्यापर्यंत वीज किती पोहोचते ते मोजायचे, ही माझी सवय आहे. गिऱ्हाइकांना मात्र ती वेळकाढूपणा वाटते. हेडलाइटच्या मागचे रबर काढले तेव्हा होल्डर तपकिरी पडून एका बाजूने वितळलेला दिसला. आधीच्या कारागिराने ६०/५५ वॅटचे, म्हणजे अप्परला (लांबच्या उजेडाला) ६० आणि डिप्परला (जवळच्या, खालच्या उजेडाला) ५५ वॅट घेणारे बल्ब काढून १००/९० वॅटचे घातले होते, पण वायर आणि स्विच कंपनीचेच ठेवले होते. अप्परला दोन्ही बल्ब मिळून २०० वॅट, म्हणजे सोळाएक अँपियर करंट त्या बारीक वायरीतून आणि स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जात होता. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजले तर १३.९ व्होल्ट भरले, बल्बच्या पिनांवर मात्र ११.६ व्होल्टच मिळत होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ उतरत नाही, तो कितीतरी वेगाने कोसळतो. एवढ्या घसरणीत बल्ब आपल्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच उजेड देतो. त्यातच उष्णतेने हेडलाइटच्या आतल्या चकचकीत वाटीचा मुलामा काळवंडला होता. जास्त वॅटचा बल्ब विकणे दोन मिनिटांचे काम असते आणि त्यात नफाही असतो, म्हणून आमच्या धंद्यात हा प्रकार सर्रास चालतो. त्याबद्दल मला राग येतो तो येतोच.

दोन्ही हेडलाइट नवे बसवले, बल्ब पुन्हा ६०/५५ वॅटचे घातले आणि अप्पर व डिप्परसाठी वेगवेगळे रिले टाकले. रिले म्हणजे स्विचच्या छोट्या करंटच्या इशाऱ्यावर बॅटरीचा मोठा करंट जोडणारी डबी. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ठेवला आणि रिले पिना खाली येतील अशा बेताने लावले, कारण आमच्याकडच्या पावसात उताणा बसवलेला रिले पाणी धरतो. अर्थिंगसाठी, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याच्या जोडासाठी, बॉडीचा रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला, त्यावर वायरीच्या टोकाची लग (धातूची कडी) घट्ट आवळली आणि वरून ग्रीस फासले. हा अर्थ निम्म्या तक्रारींचा धनी असतो आणि तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आता बल्बच्या पिनांवर १३.५ व्होल्ट मिळू लागले.

तरीही मामांना जादा दिवे हवेच होते, आणि ती मागणी रास्त होती. त्या रस्त्यावर गवे उतरतात. काळ्या अंगाचा गवा साध्या हेडलाइटमध्ये फार उशिरा नजरेस पडतो. मात्र बार टपावर लावायला मी नकार दिला. टपावरच्या दिव्याचा उजेड आधी बॉनेटवर आणि वायपरवर पडून चालकाच्याच डोळ्यांत येतो. धुक्यात तर तो नजरेच्या रेषेतूनच परत फिरतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. शिवाय असा बार जवळचा रस्ता इतका उजळतो की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचे होते तेवढेही दिसेनासे होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १११ वा नियम पुढच्या बाजूच्या स्पॉटलाइट आणि सर्चलाइटवर बंदी घालतो, हेही मी सांगितले. मामांनी तो मुद्दा ऐकून घेतला आणि सोडून दिला, कारण रस्त्यावर तो पाळलेला त्यांनी कधी बघितलेला नाही.

शेवटी बंपरवर लांब पल्ल्याचे दोन छोटे दिवे घेतले आणि त्यांच्या रिलेचा इशारा अप्परच्या वायरीवरून दिला. अप्पर असेल तरच ते पेटणार आणि डिप्पर मारला की आपोआप विझणार. दिव्यांचा रोख लावण्यासाठी मी अंगणात कॅन पाण्याने भरून घेतले. पिकअपवर माल चढला की मागचे पाटे दबतात, नाक वर होते आणि रिकाम्या गाडीवर लावलेला रोख सरळ झाडांच्या शेंड्यांवर जातो. ४० लिटरचे कॅन भरताना मामा कपाळावर हात मारत होते. पण संध्याकाळच्या फेरीत अंधारात भरलेली गाडीच परत येते, हे त्यांना मान्य करावे लागले. पहाटे रिकाम्या गाडीचा उजेड थोडा आखूड पडतो, ती तडजोड आम्ही दोघांनी पत्करली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासोबत फेरीला गेलो. मोकळ्या रस्त्यावर काम मनासारखे झाले होते. उजवीकडच्या शेताच्या बांधावर उभा असलेला गवा वेग कमी करण्याइतका आधी दिसला. मग समोरून एसटी आली. मामांनी शिस्तीने डिप्पर मारला आणि चारही दिव्यांच्या लखलखाटातून आम्ही एकदम विहिरीत उतरल्यासारखे झालो. डांबराची डावी कड हरवली. "समोरच्याला दिसावं म्हणून मी आंधळं व्हायचं व्हय?" मामांनी विचारले. ज्या रचनेचा मला अभिमान होता तिच्यावरच हा प्रश्न होता, आणि तो खरा होता. अप्पर जितका प्रखर, तितका डिप्परनंतरचा अंधार दाट. डोळे सावरायला लागतात त्या क्षणांतच ट्रॉली समोर येते. स्वतंत्र स्विच दिला असता तर त्यांची तक्रार मिटली असती, पण एसटीचा चालक आंधळा झाला असता. म्हणून तो स्विच मी दिला नाही.

त्याऐवजी पाच पिनांचा रिले वापरला. इशारा असेल तेव्हा तो ८७ नंबरच्या पिनेला वीज देतो, नसेल तेव्हा ८७ए ला. ८७ नंबरच्या पिनेवर लांबचे दिवे जोडले आणि ८७ए वर, बंपरच्या खालच्या कडेला, रुंद आणि सपाट उजेडाचे २० वॅटचे दोन एलईडी फॉगलॅम्प. अप्पर बंद होताच हे पेटतात आणि डावी साइडपट्टी व चर उघडा करतात. पार्किंगच्या (रात्री लावायच्या छोट्या दिव्यांच्या) वायरीवरून वीज घेतल्यामुळे दिवसा ते जळत राहत नाहीत. ८७ए चा संपर्क तुलनेने कमी करंट सोसतो, म्हणून तेथे हॅलोजन न घेता एलईडी घेतले.

मामांची कुरकुर निम्म्याने कमी झाली. ट्रॉल्यांचे मात्र काहीच बदललेले नाही. त्यांचे मालक माझ्याकडे ट्रॅक्टरचा सेल्फ (स्टार्टर) दुरुस्त करायला येतात आणि मागच्या दिव्याचा विषय काढला की, वायर शेतात रोजच तुटते, असे सांगतात. ते खोटे नाही. पण चमकणाऱ्या पट्टीला वायर लागत नाही.

नवी तक्रार अशी आहे की, डिप्परवर असतानाही समोरचे लोक मामांना अप्पर मारून दाखवतात. समोर चार दिवे दिसले की लोक गाडी अप्परवर आहे असेच धरून चालतात. फॉगलॅम्पचा रोख मी एकदा आणखी खाली उतरवला आहे, त्यापेक्षा खाली घेतला तर साइडपट्टी पुन्हा हरवते. आता फक्त डावीकडचाच ठेवून उजवा काढून बघावा का, यावर आमचे दोघांचे एकमत अद्याप झालेले नाही.