खिरीच्या गव्हाचा हरीस

लातूर-धाराशिवकडे हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, जसा गहू सडतात, तसाच गहू अरबांच्या हरीसला, म्हणजे गहू आणि मटण एकत्र शिजवून घोटलेल्या पदार्थाला लागतो. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौतहून आलेल्या अरबांचे वंशज म्हणजे आपल्याकडचे चाऊस. हैदराबादच्या बारकस भागात याच समाजाने हरीस टिकवला, आणि हैदराबादी हलीमचं मूळही त्यातच आहे. पण हलीममध्ये डाळी, आलं-लसूण, गरम मसाला येतो. हरीसमध्ये गहू, मटण, पाणी, मीठ आणि तूप, फार तर दालचिनीचा एक तुकडा. दहाव्या शतकातल्या बगदादी पाककृतींतही हा पदार्थ सापडतो, आणि २०२३ मध्ये अमिरात, ओमान आणि सौदीच्या हरीसला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

मसाला नसल्यामुळे इथे चूक लपत नाही. सगळ्यात जास्त चुका गव्हातच होतात. कोंडा न काढलेला गहू कितीही शिजवा, सालं दाताखाली येतातच. तेव्हा गव्हावर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवायचा, मग उखळात हलक्या हाताने कांडायचा. उखळ नसेल तर मिक्सरला दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे, सलग फिरवला की दाणा फुटतो. वाळवून सुपात पाखडला की झालं. लोकवन लवकर मऊ होतो. बन्सी कडक, त्याला पाऊण तास तरी जास्त लागतो.

पाव किलो सडलेला गहू रात्रभर भिजवा. हाडासकट मटण साडेतीनशे ग्रॅम, खांद्याचं किंवा मांडीचं. मटण आधी दीड लिटर पाण्यात उकळून वर येणारा फेस काढून टाका, नाहीतर पांढरा हरीस करडा दिसतो. मग निथळलेला गहू, दीड चमचा मीठ आणि दालचिनी घाला.

जुन्या रीतीने जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाच-सहा तास लागतात. अरबस्तानात हंडीचं तोंड बंद करून ती रात्रभर निखाऱ्यात पुरायचीही रीत आहे. घरी पाच लिटरचा कुकर चालतो, फक्त तो अर्ध्याच्या वर भरू नका. गव्हाची पेज फुगून शिटीच्या भोकात अडकते आणि ते धोक्याचं आहे. एक शिटी झाली की आच अगदी बारीक करून पन्नास मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला. थंड पाण्याने उकळी मोडते, गव्हाचा गर तळाशी बसतो आणि लागतो. एकदा करपला की तो वास संपूर्ण पातेल्यात जातो, वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढण्यापलीकडे काही करता येत नाही.

हाडं आणि दालचिनी वेचून काढा, आणि लाकडी घोटणीने पंधरा-वीस मिनिटं घोटा. हेच खरं काम. घोटताना मटणाचे रेषे सुटतात आणि गव्हाच्या गरात गुंततात, म्हणून हरीस घोटणीबरोबर तार धरून वर येतो. मिक्सरमध्ये रेषेच कापले जातात, उरते ती चिकट लापशी. वेळ वाचवायला कुकर जरूर वापरा, मिक्सर नको.

पसरट ताटात काढून चमच्याने खळगे करा आणि त्यात कढवलेलं साजूक तूप ओता. बारकसमध्ये वर साखर घालूनही खातात. निवल्यावर हरीस घट्ट होतो, तेव्हा गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी घालून पुन्हा घोटा.

घरात फक्त दलिया असेल तर हरीसच्या नादी लागू नका, तार येणार नाही. त्याचा जरीश करा. सौदीने २०२३ मध्ये त्याला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आहे. एक वाटी दलिया पाच वाट्या मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात मऊ शिजवायचा, आच बारीक करून एक वाटी घुसळलेलं दही थोडं थोडं घालत ढवळायचं. उकळत्यात एकदम ओतलं तर दही फाटतं. वरून जिरं घालून तुपात लालसर परतलेला कांदा.