मलपेच्या बेटावर, जिथून मादागास्कर निघून गेले

आईला उडुपीच्या श्रीकृष्णाचे दर्शन घ्यायचे होते आणि मला मलपेच्या समुद्रातले दगड पाहायचे होते. एकाच तिकिटात दोघींचे काम व्हावे, या हिशेबाने आम्ही डिसेंबरात कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेसने निघालो. दिव्याहून पनवेलकडे जाताना मी आईला खिडकीबाहेरचे डोंगर नीट पाहायला सांगितले. सह्याद्रीच्या माथ्यावर लाव्हाचे थर परातीसारखे आडवे पडलेले असतात. या पट्ट्यात मात्र तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले दिसतात. भूशास्त्रज्ञ याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. या कलण्याचे कारण आम्हाला पुढे भेटणार होते, पण त्याआधी रात्र झाली आणि उरलेले कोकण अंधारातच मागे गेले.

दुसऱ्या दिवशी देवदर्शन आटोपून मलपे बंदरावरून आम्ही होडीने सेंट मेरी बेटांकडे निघालो. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. डिसेंबरातला समुद्र मात्र शांत होता. बेटे किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण रांगेत आहेत. त्यांतल्या एकाचे नाव दर्याबहादूरगड आहे, हे ऐकून आईला उगीचच माहेरचे कुणी भेटल्यासारखे वाटले. आमची होडी नारळांच्या बेटाला लागली. पायाखाली वाळूऐवजी शिंपल्यांचा चुरा, त्यापलीकडे माड, आणि पाण्याच्या कडेला ते स्तंभ: पाच, सहा, सात कोनांचे, एकमेकांना खेटून उभे, काही माणसाच्या तिप्पट उंचीचे, तर काही पायऱ्यांसारखे तुटलेले.

“अगं, हे कुणी रचले असतील?” आईने विचारले.

ते कुणी रचलेले नाहीत. जाड लाव्हा सावकाश थंड होत असताना आकसतो, आणि आकसताना तो सगळीकडून सारखाच ताणला जात असल्यामुळे त्याला भेगा पडतात. थिजण्याची क्रिया जसजशी आत सरकते, तसतशा या भेगाही आत उतरत जातात आणि खडकाचे बहुकोनी खांब सुटे होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर हाच प्रकार पाहायला मिळतो; मात्र ती टेकडी दख्खनच्या बेसाल्टची, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची आहे. मलपेच्या खडकालाही पर्यटक सरसकट बेसाल्ट म्हणतात, पण तो सिलिका अधिक असलेला, रायोलाइट-डेसाइट गटातला आहे. त्याचे वय साडेआठ ते नऊ कोटी वर्षे भरते, आणि या वयामुळेच मी इतक्या लांब आले होते.

त्या काळी इथून पश्चिमेला समुद्र नव्हता, मादागास्कर होते. गोंडवन या महाखंडातून भारत आणि मादागास्कर एकत्रच सुटून आले होते. पुढे दोघांमधले भूकवच ताणले गेले, पातळ झाले, फाटले, आणि फाटताना वर आलेल्या लाव्हापैकी थोडासा या बेटांच्या रूपाने आपल्या बाजूला राहिला. त्याच सुमाराचे लाव्हा मादागास्करमध्येही सापडतात. आज त्या बेटाचे उत्तर टोक इथून सुमारे चार हजार किलोमीटर दूर आहे.

समुद्र म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा, असे आपण समजतो. त्यात पाण्याचे वय आणि खड्ड्याचे वय यांची गल्लत होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांपैकी सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत, आणि अशा कणांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून पृथ्वीवर तेव्हाच्या आसपास द्रवरूप पाणी असावे असा निष्कर्ष निघतो. म्हणजे पाणी जवळजवळ पृथ्वीइतकेच जुने. समुद्रतळ मात्र जवळपास सगळाच २० कोटी वर्षांहून तरुण आहे, कारण तो एकीकडे तयार होतो आणि दुसरीकडे पृथ्वीच्या पोटात परत जातो. भूखंडाचे कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड आणि हलके असते; फटीतून वर येणाऱ्या बेसाल्टचे सागरी कवच जेमतेम सात किलोमीटर जाड, पण जड असते. म्हणून ते खाली बसते, थंड होता होता आणखी खचते, आणि जुने पाणी या नव्या खोलगटात येऊन भरते.

अरबी समुद्राचे असे उघडणे दोन हप्त्यांत झाले. पहिली फट मादागास्करच्या बाजूने पडली. त्यानंतर दख्खनचे लाव्हा वाहिले आणि सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या अधिक जवळून दुसरी फट पडून सेशेल्स वेगळे झाले. भर समुद्रातली बेटे सहसा ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात. सेशेल्समधले माहे बेट मात्र ग्रॅनाइटचे आहे, आणि तो ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे. भूखंडाचा तुटलेला तुकडा समुद्रात राहून गेल्याची याहून उघड खूण कोणती असणार! पनवेलचे थर कलले तेही या दुसऱ्या ओढाताणीत, पश्चिमेचा भाग ताणून खचला तेव्हा. ती फट अजून चालू आहे. समुद्रतळावर तिच्या काठाने उभ्या राहिलेल्या डोंगरांवरून तिला कार्ल्सबर्ग पर्वतरांग म्हणतात. १९२८ ते १९३० मधल्या ‘डाना’ जहाजाच्या मोहिमेला पैसा देणाऱ्या डॅनिश प्रतिष्ठानावरून हे नाव पडले. बिअरच्या पैशातून चालणाऱ्या प्रतिष्ठानाचे नाव आपल्या समुद्राच्या जन्मस्थानाला मिळावे, ही गंमत मला फार आवडते.

“पण परशुरामाने समुद्र मागे हटवला तो इथेच ना?” आई म्हणाली. आमच्या चिपळूणकडे परशुराम बाण मारतो, तुळुनाडूत, म्हणजे इथल्या उडुपी-मंगळुरूच्या पट्ट्यात, परशू फेकतो; भूमी मिळते ती दोन्हीकडे. दगडांचे म्हणणे उलटे आहे: इथे आधी जमीन होती आणि समुद्र नंतर आला. हे मी आईला सांगितले, पण तिने ते फारसे मनावर घेतले नाही.

शाळिग्रामाची गोष्ट मात्र तिने ऐकून घेतली. आमच्या देवघरातला शाळिग्राम गंडकीतला, म्हणजे टेथिस समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट या प्राण्याचा जीवाश्म. भारत उत्तरेकडे सरकत गेला, एके काळी तर वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर वेगाने, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधला टेथिस मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ हिमालयात उचलला गेला. तसल्याच गाळाचे खडक स्पितीच्या खोऱ्यातही आहेत. स्पिती नदी तो चुरा सतलजला देते, सतलज सिंधूला आणि सिंधू अरबी समुद्राला. मिटलेल्या समुद्राचा तळ असा चालू समुद्राच्या तळावर येऊन साचतो आहे.

परतीच्या होडीत आईने बराच वेळ स्तंभांकडे पाहिले. मग विचारले, “हाही समुद्र मिटणार का गं?”

“एका टोकाला सुरुवात झाली आहे,” मी म्हणाले. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याखाली अरबी समुद्राचा तळ आत घुसतो आहे. तिथे २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या.

“तेव्हा तुझी आजी गिरगावातच होती,” आई म्हणाली, आणि पदर सावरत किनाऱ्याकडे तोंड करून बसली.