शू. १९

यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आली, रविवारी. पहाटे चार वाजता आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीतून सतरा-अठरा जण निघालो. पुढे भजनी मंडळातले चौघे, एकाच्या गळ्यात पखवाज, बाकीच्यांच्या हातात टाळ. मागे आम्ही बायका, आणि सगळ्यांच्या पुढेमागे धावणारी चार-पाच शाळकरी मुलं. कुणकेश्वराचं समुद्रकाठचं देऊळ आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर धरा. माझे सासरे माळकरी होते. आषाढीला शेतात लावणी असायची म्हणून ते माघवारीला पंढरपूरला जायचे. कुणकेश्वराला पायी जाण्यालाही ते वारीच म्हणत. ते गेले, पण घरात तो शब्द राहिला.

मी ही वारी माझ्या लेकीसाठी, मनूसाठी करते. नवस नाही, नवस बोलायचे दिवस संपले. ती सहा वर्षांची असताना सासऱ्यांच्या खांद्यावरून कुणकेश्वराला आली होती आणि पुळणीवर उतरताच तिने मोजायला सुरुवात केली होती. तिथे समुद्रातल्या खडकांवर शिवलिंगं कोरलेली आहेत, ओहोटी लागली की ती उघडी पडतात. मनूची मोजणी अर्धी झाली आणि भरतीचं पाणी आलं. पुढच्या वर्षी पुरी करूया, असं सासरे तिला म्हणाले होते.

ह्या वर्षी निघताना मी खांद्यावर पदराजवळ सोनेरी फीत टाचली होती. १५ फेब्रुवारी हा जगभर बालकर्करोग दिन म्हणून पाळतात, सोनेरी फीत ही त्याची खूण. वॉर्डात असताना एका ताईंनी ती मला दिली होती, मी ती डब्यात जपून ठेवली होती. शिवरात्र आणि हा दिवस एकत्र आलेले कॅलेंडरवर पाहिले तेव्हाच ठरवलं, ह्या वेळी फीत लावूनच चालायचं.

२०१९च्या मे महिन्यात मनूचे पाय दुखायला लागले. वाढीचं दुखणं असेल असं समजून मी रोज रात्री खोबरेल तेल चोळायचे. मग बारीक ताप, जातोय जातोय म्हणेपर्यंत परत. नंतर नडग्यांवर निळे डाग दिसले. कुठे आपटलीस गं, असं मी तिला रागावून विचारलं होतं. ते रागावणं मला आजही झोपू देत नाही. रक्त तपासलं त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या. ल्युकेमिया. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यांत जास्त आढळतो आणि त्यातली कितीतरी मुलं पूर्ण बरी होतात. आमच्या शेजारच्या खाटेवरची मुलगी आज बारावीला आहे, तिची आई मला दर दिवाळीला फोन करते. मला खरंच आनंद होतो. मनूचा आजार मात्र अडीच वर्षांची औषधं संपता संपता उलटला. २०२२च्या नोव्हेंबरात ती गेली. पाचवीत होती.

त्या साडेतीन वर्षांत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किती दिवस काढले ते मनूच्या वहीत लिहिलेलं आहे. मनू सगळं मोजायची. कोकण रेल्वेचे बोगदे मोजायची. कणकवलीहून रात्रीच्या गाडीत बसलो की खिडकीला नाक लावायची आणि रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येईपर्यंत झोपून जायची. त्यामुळे तिचा आकडा दर वेळी वेगळा. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद झाल्या, परवानगी काढून भाड्याच्या गाडीने गेलो, तेव्हा तिने घाटातली वळणं मोजली. प्लेटलेट द्यायला लालबाग-परळहून आमच्या गावचे चाकरमानी यायचे, त्यांचीही मोजदाद तिच्याकडे होती. आणि रोजचा काउंट. वॉर्डात सकाळ उजाडते तीच त्या शब्दाने. आज काउंट किती? पांढऱ्या पेशी वर आल्या की मुलांना बाहेरचा एखादा पदार्थ मिळतो, खाली गेल्या की तोंडावर मास्क आणि दाराला पडदा. मनू परिचारिकेकडून आकडा विचारून घ्यायची आणि स्वतःच्या हाताने लिहायची.

त्याच वहीत जागोजागी आणखी एक नोंद होती. शू. १, शू. २, असं करत शू. १९ पर्यंत. मी त्याचा अर्थ लावून मोकळी झाले होते. काही औषधं चालू असताना किती पाणी प्यायली आणि किती शू झाली हे आम्हाला लिहून ठेवावं लागायचं. पोरगी माझं बघून लिहीत असेल. ती पानं मी कधी नीट वाचलीच नाहीत.

मुणग्याला पोचलो तेव्हा फटफटलं. भगवतीला हात जोडले, एका घरच्या खळ्यात चहा झाला. उपास होता म्हणून घरच्या बाईने उकडलेली रताळी आणि शेंगदाणे पुढे केले. फेब्रुवारीतली आमच्याकडची सकाळ फार थोडा वेळ टिकते. काजूच्या मोहराचा वास, जांभ्याच्या गडग्यांवर ओलावा, आणि आठ वाजेपर्यंत सगळं खलास. मग सड्यावरचं ऊन. हिंदळ्याच्या पुढे बोलणं कमी झालं, फक्त टाळ वाजत राहिले.

तिथे तो माझ्याबरोबर चालायला आला. आमच्याच वाडीतला, मनूच्या वर्गातला. आता आठवीला आहे. आवाज फुटलाय, माझ्या डोक्याच्या वर गेलाय. मला त्याच्याशी बोलता येत नाही. तो समोर आला की मी गोठ्यात नाहीतर विहिरीवर जाते. त्याचा काही दोष नाही. त्याची पँट आखूड झालेली दिसली की माझ्या मनात एकच हिशेब सुरू होतो.

त्याने फितीकडे बोट केलं. "काकी, ह्या काय लावलात?"

मी सांगितलं. आज आजारी मुलांचा दिवस असतो, मनूसारख्या.

मनू हा शब्द मी मोठ्याने उच्चारला आणि मलाच दचकायला झालं. घरात तीन वर्षं तो कोणी घेत नाही. माझे यजमान घेत नाहीत. पाहुणे येतात, आंब्याचं बोलतात, पावसाचं बोलतात, निघताना माझ्या पाठीवर हात फिरवतात. माझ्या जवळच्या एका नातेवाइकांनी तर भिंतीवरचा फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं, सारखा समोर असला की त्रास होतो म्हणून. सगळ्यांच्या मनात माया आहे हे मला कळतं. पण कोणीच काही बोललं नाही की आईकडे उरतं ते फक्त तिचं स्वतःचं गाठोडं. तेच ते रोज सोडायचं, तेच बांधायचं. त्यात नवीन काही पडत नाही. बाकीच्यांची मुलं रोज काहीतरी नवं बोलतात, नवं तोडतात-फोडतात. माझं मूल दहा वर्षांचं आहे आणि मला माहीत होतं तेवढंच आहे.

पोरगा थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "काकी, एक सांगू? रागवशात नाय मां?"

"सांग."

"मनून आमका सांगल्यान हुता, मुंबैक तेचा शूटिंग चलता. सिरियलीत काम गावला म्हणान केस कापूचे लागले."

मी रस्त्यातच उभी राहिले. मागच्या बायका पुढे निघून गेल्या.

२०१९च्या गणपतीत काउंट बरा होता, डॉक्टरांनी पाच दिवस घरी सोडलं होतं. मनू डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क लावून पडवीत बसायची. आरतीला मुलं यायची ती खळ्यात उभी राहायची, आत यायची नाहीत. त्यांना तशी ताकीद होती. मी आत मोदक वळत होते. त्या वेळी पडवीतून खळ्यात हे सगळं बोलणं झालं होतं. मुलांनी विचारलं, खयची सिरियल? ती म्हणाली, लागतली तेवा सांगतलंय. कोणाक सांगा नको, नायतर माका काढून टाकतले. मुंबईहून परत आली की मुलं विचारायची, ह्या वेळी कसलं शूटिंग? आणि ती सांगायची. एकदा पावसातलं. एकदा हॉस्पिटलातलं, त्यात तिला खोटी सुई टोचली आणि तिने इतकं चांगलं रडून दाखवलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आमी सगळ्यांनी शपथ घेतलेली," तो म्हणाला. "मी रोज साताक टीवी लावन बसायचंय. आवशीचो मार खाल्लंय. मगे पाचवीत कळला."

त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. मीसुद्धा. मिठबावच्या अलीकडे, आंब्याच्या बागेच्या कडेला एक दगड होता, त्यावर मी बसले आणि पिशवीतून वही काढली. दर वारीला ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर असते. पानं उलटली. शू. ४, त्याच्या समोर तारीख. पाठीतली सुई दिली त्या दिवसाची. शू. ७ ला फक्त एक शब्द, "पाऊस". मी तो वाचला होता. जुलैत लिहिलेला, म्हणून पाऊसच असणार असं धरून पुढे गेले होते.

लघवी नव्हे गं बाई. शूटिंग.

त्या मुलाने ओळीने सगळी शू वाचली. काहींची गोष्ट त्याला आठवत होती, काहींची नव्हती. शेवटची सहा-सात आजार उलटल्यानंतरची. त्यांची गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, पण आकडा टाकायचं सोडलं नव्हतं. १९ च्या पुढे पान कोरं आहे.

ज्या पोरीला सुईची भीती वाटते, जी रात्री माझा हात सोडत नाही, ती दिवसा पडवीत बसून सगळ्या वाडीला हे सांगत होती. मला वाटायचं मी तिला धीर देते आहे.

मिठबाव, तांबळडेग, कातवण. गजबादेवीकडे जाणारा फाटा, सुरूच्या बनातली सावली, खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक, एवढंच आठवतं. पोरगा सगळा वेळ बोलत होता. मग त्याने बाकीच्या दोन मुलांना हाक मारली. त्यातल्या एकीला मनूने तिच्या सिरियलीत बहिणीचं काम देऊ केलं होतं. ती मुलगी लाजत म्हणाली, मी त्यासाठी वेणी वाढवली होती.

कुणकेश्वराला जत्रा भरात होती. खाज्याची दुकानं, कलिंगडाचे ढीग, एसटीच्या जादा गाड्या, लाउडस्पीकर. रांगेतून दर्शन होईपर्यंत दुपारचे तीन वाजून गेले. पुळणीवर उतरलो तेव्हा पाणी चांगलंच मागे हटलेलं होतं. अमावास्येच्या आसपासची ओहोटी मोठी असते. खडक उघडे पडले होते, माणसं वाकून लिंगांवर पाणी घालत होती, बेल वाहत होती. मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तीन बुड्या मारल्या, ओंजळ भरली आणि तिचं नाव घेतलं. मुलं मागे खडकांवर मोजत होती, प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि त्यावरून भांडण चाललं होतं. मी त्यांना थांबवलं नाही.

गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या तीर्थस्नानाला येतात ते अमावास्येला. तोवर आमच्यातले काही जण थांबले. मी रात्रीच्या एसटीने निघाले, यजमान बागेत राखणीला एकटे होते.

घरी पोचले तेव्हा ते पडवीत झोपाळ्यावर बसले होते. मनू जिथे बसायची तिथेच. मी अंघोळही केली नाही. वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, पावसातल्या शूटिंगपर्यंत. ते मान खाली घालून ऐकत होते. वहीवर हात ठेवला होता, उघडली नाही. माझं संपलं तरी बराच वेळ काही बोलले नाहीत. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या कुरकुरत होत्या.

मग म्हणाले, "आणि काय सांगल्यान?"