75 मीटर खोलीवरची पुळण

रत्नागिरीच्या पश्चिमेला, किनारा केव्हाच दिसेनासा झालेला. इको साउंडर 75 मीटर दाखवत होता. सकाळपासून तळाचा गाळ उचलणाऱ्या ग्रॅबमध्ये नुसता हिरवट-काळा चिखल येत होता आणि आमच्याबरोबरचा शिकाऊ मुलगा तो धुऊन धुऊन वैतागला होता. या खेपेला विंच थांबली, ग्रॅबचे जबडे उघडले आणि ट्रेमध्ये सळसळत पांढुरकी वाळू पडली.

"साहेब, ही तर पुळणीवरची रेती!" सारंग म्हणाले.

पुस्तकी हिशेबाने किनाऱ्यापासून जितकं लांब, तितका गाळ बारीक. इथे सगळं उलटं. चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली. शिंपल्यांचे झिजलेले तुकडे आणि त्यांत खसखशीसारखे गोल, गुळगुळीत दाणे. ऊइड! सौम्य आम्लाचा थेंब पडताच फसफसले.

चुन्याचे हे दाणे एवढ्या खोलीवर तयार होत नाहीत. त्यांना उबदार, नितळ, जेमतेम काही मीटर खोल आणि सतत हलतं पाणी लागतं. लाटांत, भरती-ओहोटीच्या ओढीत कण लोळत राहतो आणि त्याच्यावर चुन्याची पुटं चढत जातात. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. पुढे पाणी वर चढत असताना या जागी उथळ समुद्र होता. पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अशा दाण्यांची रेडिओकार्बन वयं साधारण 9,000 ते 11,000 वर्षं भरली आहेत.

"मग एवढ्या वर्षांत वर चिखल कसा नाही बसला?" सारंगांचा हा प्रश्न मला शिकाऊ मुलाकडून हवा होता.

नर्मदा-तापी आणि कोकणातल्या नद्या गाळ आणतात, पण किनाऱ्यालगतचे प्रवाह बहुतांशी किनाऱ्याला समांतर वाहतात, पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. त्यामुळे बराचसा चिखल किनाऱ्याजवळच्या पट्ट्यातच उत्तर-दक्षिण फिरत राहतो. इथवर फार थोडा पोचतो.

शिकाऊ मुलगा खुशीत सगळी वाळू एकाच पिशवीत भरू लागला, तेव्हा त्याला थांबवलं. सरसकट वाळूचं वय काढलं तर आजचा शिंपला आणि जुना दाणा यांची नुसती सरासरी हाती येते. ऊइड सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक करून वेचायचे. हे ऐकल्यावर त्याला चिखल बरा वाटू लागला.