आमच्या सहलींची वाटचाल : अकरा ठिकाणांवरून चारवर

आमच्या घरातली पहिली गाडी भाजीची होती. आमचे हे बेळगावच्या बाजारात माल भरून रात्री दोनला निघायचे आणि जांबोटी, कणकुंबी करत, चोर्ला घाट उतरून उजाडायच्या आत साखळीला पोचायचे. गोव्याच्या स्वयंपाकघरात बेळगावची भाजी आणि दूध किती जातं, हे इथल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. नऊ वर्षं त्यांनी हा रस्ता केला. वळण न् वळण हाताला पाठ होतं, पण जाताना कायम अंधारच असायचा. दरी दिसायची ती परतीला, रिकामी गाडी घेऊन घाट चढताना.

एका सप्टेंबरात मी सोबत गेले होते. चढावर इंजिन तापलं म्हणून यांनी गाडी बाजूला घेतली. समोर सगळी दरी पांढरी होती, नि रस्त्याच्या कडेला तेरडा फुललेला. वीस मिनिटं आम्ही तिथं बसलो. बेळगावात उभा जन्म काढलेल्या माझ्या आईनं हे कधीच पाहिलेलं नव्हतं. घरापासून ते दीड-दोन तासांवर होतं. तेव्हा मी एका दुकानात हिशेब लिहायचे. परत येताना जांबोटीपर्यंत आम्ही दोघं याच विषयावर बोलत होतो.

2011 साली सहली काढायच्या म्हणून जुनी, तेरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. निम्मे पैसे पतसंस्थेचे, उरलेले माझ्या पाटल्या नि भाजीच्या गाडीची आलेली किंमत. पहिला ग्रुप बेळगावातल्याच शहापूरच्या भिशीच्या बायकांचा. बारा जणी, दोन दिवस. मी हौसेनं वहीच्या पानावर कार्यक्रम लिहिला. त्यात अकरा ठिकाणं होती: राजहंसगड, असोगा, नंदगड, हलशी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली आणि आणखी चार. पैसे घेतोय तर भरपूर दाखवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं.

महिना जुलैचा. पहिल्या दिवशी सगळं ओढत-ताणत झालं. नंदगडला कित्तूरच्या राज्यासाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी पाच मिनिटं उभं राहिलो. 1831 साली इंग्रजांनी त्याला तिथंच फाशी दिलं, एवढं सांगून मी सगळ्यांना गाडीत बसवलं. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात पोचेपर्यंत दोघींचे पाय सुजले होते. कदंबांच्या काळातलं एवढं देऊळ, त्यांना बाहेरच्या पायरीवर बसूनच बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी चोर्ल्याहून परत येताना कणकुंबीच्या अलीकडे झाड आडवं पडलेलं. अंधार, मुसळधार पाऊस, फोनला रेंज नाही. जवळच्या घराचं दार वाजवलं. आतल्या मावशींनी आमच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "भात टाकतो, बसा की. एवढ्या पावसात कुठं जाताय?" आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, "जातो", "करतो". गरम भात, कुळथाची आमटी, भाजलेला पापड. रात्री साडेदहाला कुऱ्हाडीनं झाड तोडून रस्ता मोकळा झाला.

पुढे कित्येक वर्षं त्या बारा जणी कुठंही भेटल्या की त्या भाताचीच आठवण काढायच्या. अकरापैकी एकाही ठिकाणाचं नाव कुणी घेतलं नाही.

आठवड्यानं आम्ही तेलाचा डबा नि साखर घेऊन मावशींकडे परत गेलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. मग मी विचारलं, महिन्यातून दोनदा माणसं आणली तर जेवण करून द्याल का, रीतसर पैसे घेऊन? आज अशी तीन घरं आमच्याबरोबर आहेत. त्यांचे दर आम्ही ठरवत नाही, तीच सांगतात.

त्याच हिवाळ्यात मी घड्याळ लावून हिशेब केला. हिशेब लिहिण्याचीच सवय असल्यामुळे हे मला आधीच सुचायला हवं होतं. तेरा माणसं गाडीतून उतरायला दहा मिनिटं, चढायला दहा. कुणाची छत्री राहते, कुणाची चप्पल. म्हणजे एका ठिकाणाला वीस मिनिटं नुसती चढ-उतारात जातात. अकरा ठिकाणांचे झाले तीन तास चाळीस मिनिटं. कुणी काही पाहायच्या आधीच अर्धा दिवस संपलेला. एका शेगडीच्या टपरीवर तेरा चहा व्हायला पाऊण तास लागतो. निघतानाच फोन करून सांगितलं, तर पंधरा मिनिटांत होतात. पुढच्या वर्षी वहीत सात ठिकाणं राहिली, मग पाच. आता एका दिवसाला चारच्या वर आम्ही लिहीतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दुसरे लोक आठ दाखवतात." मी म्हणते, दाखवत असतील. वयस्कर माणसं सोबत असतील तर आमचे चारच.

बायकांच्या सोयीचा विषय मला वेगळा सांगायचाय, कारण यावर कुणी बोलत नाही. सहलीला आलेल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मला दुसऱ्याच फेरीत कळलं. कारण विचारलं तर हसून विषय बदलायच्या. रस्त्यात सोय नाही, नि गाडीत पुरुष चालक. मग दुपारी डोकं दुखतं, घाटात उलट्या होतात आणि लोक म्हणतात वळणं लागली. मी जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत घरोघर फिरले. जिथं चांगलं शौचालय आहे त्या घरांशी बोलून ठेवलं. माणशी पैसे ठरवले, पाण्याचा ड्रम आणि साबण आम्ही पोचवतो. आता आमच्या वहीत प्रत्येक दीड तासाला असं एक घर असतं. धबधबा आणि देवळाच्या आधी मी तीच जागा लिहिते. ही व्यवस्था झाल्यापासून घाटात उलट्या होणं निम्म्याहून कमी झालं. माझ्या लेखी आमच्या धंद्यातलं सर्वांत मोठं काम हेच.

आमच्याकडच्या डोंगराची एक रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्याला वाटतं, डोंगर म्हणजे आधी चढायचं. बेळगाव मुळातच सुमारे 2500 फुटांवर आहे, आंबोली त्याहून थोडी खालीच. म्हणजे सकाळी ताज्या दमानं आपण सपाटीवरून जातो आणि घाट उतरतो. चढ येतो तो संध्याकाळी, माणसं थकलेली, गाडी तापलेली, धुकं उतरलेलं असताना. म्हणून आमचा नियम उलटा आहे: दिवसातलं सगळ्यांत लांबचं ठिकाण पहिलं करायचं आणि दुपारी चारच्या आत घाट चढून वर यायचं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. हे यांनी प्रत्येक नव्या चालकाला पहिल्या दिवशी शेजारी बसवून शिकवलंय. दोन गाड्या असल्या, तर मागचीचे दिवे दिसल्याशिवाय पुढची वळण सोडत नाही. जांबोटीच्या पुढे फोनचा भरवसा नाही, त्यामुळे डोळ्यांवरच काम चालतं. डिझेलची टाकी बेळगावातच भरायची. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या दोन ओळी. त्यावर वाद नको म्हणून नावं घरूनच लिहून आणतो.

पावसाचंही तसंच. बेळगावात वर्षाला साधारण 1200-1300 मिलिमीटर पडतो. सत्तर किलोमीटरच्या आत असलेल्या आंबोलीत 7000 च्या वर. बेळगावच्या टिळकवाडीत ऊन बघून लोक साध्या चपलांवर येतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मावशींच्या घरी फोन लावून विचारतो, "नदीला पाणी किती?" त्यांच्या उत्तरावर रस्ता ठरतो.

सीमेचा प्रश्न आमच्या धंद्याला जन्मापासून चिकटलेला. शिनोळी आली की महाराष्ट्र, चोर्ला उतरला की गोवा, आणि गाडीचा नंबर केए 22, म्हणजे कर्नाटकचा. पूर्वी प्रत्येक राज्याचा कर वेगळा भरावा लागायचा, कागदपत्रांत सकाळ जायची. 1 एप्रिल 2021 पासून अखिल भारतीय पर्यटक परवाना ऑनलाइन मिळू लागला, तेव्हा खूप मोठं ओझं उतरलं. पण वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या बंद होतात आणि आमच्यासारख्यांनाही जपून राहावं लागतं. म्हणून प्रत्येक सहलीची दुसरी वही तयार असते, सगळी खानापूर तालुक्यातच राहणारी. असोग्याला मलप्रभेच्या काठी बसायचं, हलशीला दोन तास द्यायचे, संध्याकाळी जांबोटीच्या रस्त्यानं परत. आमच्या गाडीत मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही भाषा बोलणारी माणसं एकत्र बसतात आणि डबे एकमेकांना देतात. मला त्याचा अभिमान आहे.

2019 चा ऑगस्ट आम्ही विसरणार नाही. कृष्णा, मलप्रभा, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरपाशी बंद होता. आमच्या दोन गाड्या महिनाभर जागेवर होत्या, मग आम्ही त्या पूरग्रस्तांना सामान पोचवायला दिल्या. त्यातून सावरतोय तोच मार्च 2020. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला लागायचा. ग्रुप जमायचा, नि एकाचा दाखला उशिरा आला की सगळा मोडायचा. एक गाडी विकली. यांनी पुन्हा आठ महिने भाजीची फेरी केली. तिन्ही घरांतल्या मावश्यांचे फोन येत राहिले, "बरं हाय न्हवं?" म्हणून.

दोन वर्षांपूर्वी चौतीस जणांचं एक बुकिंग मी सोडलं. भर पावसाळा होता, वनखात्यानं धबधब्यांकडे जायला बंदी केलेली आणि त्या मंडळींना आतल्या वाटेनं धबधब्यावरच जायचं होतं. "दुसरा नेतोय" म्हणाले. मी आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत केली. तो महिना आम्हाला जड गेला. पण भीमगडचं रान 2011 मध्ये अभयारण्य झालं ते काही आम्ही गाड्या नेऊन चिखल करावा म्हणून नव्हे. शिवाय तिथली घरं आमच्यावर विश्वास ठेवून दारं उघडतात. बंदी असताना माणसं घेऊन गेलो, तर उद्या त्यांनाच जाब विचारला जाईल.

ज्या सहलीनं आम्हाला नाव मिळवून दिलं ती पाण्याची. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला वळून पणजीपाशी मांडवी होऊन अरबी समुद्रात. एकाच तालुक्यातला पाऊस, एक सर इकडे, एक तिकडे. हे मी गाडीत कधी सांगत नाही. कणकुंबीच्या उगमावर सगळ्यांना बसवते, ओंजळभर पाणी घ्यायला सांगते, आणि मग सांगते. एका शाळेच्या मुलानं विचारलं होतं, "मग मधली रेघ कुठंय?" त्याला हवी ती रेघ दाखवायला आम्ही त्याच रस्त्यावर अर्धा तास थांबलो, कुठलं पाणी कुणीकडे वळतंय ते बघत. कार्यक्रमात चारच ठिकाणं असली की असा अर्धा तास सापडतो.

त्या मुलाच्या प्रश्नावरूनच यंदाचा नवा रस्ता सुचला. आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते. तिथल्या तीर्थात एका छोट्या माशाचा शोध लागला आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तीच नदी आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येते, पुढे घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा गोकाकला सुमारे 170 फूट खाली उडी घेते. म्हणजे आंबोलीच्या धुक्यातलं पाणी आपण गोकाकला पडताना बघतो. दोन दिवसांची सहल, नदी सोडायची नाही. पहिला मुक्काम आंबोलीत, शेवट गोकाकच्या करदंट या मिठाईनं. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी पहिली गाडी काढायची ठरवलंय. वही आता लेक लिहिते, आणि तिनं स्वतःहून चारच ठिकाणं लिहिली.

आंबोलीत जेवणाची सोय झाली, गडहिंग्लजला चहा नि बायकांच्या सोयीचं घर मिळालं. संकेश्वरजवळ सतरा माणसांना दुपारी जेवू घालणारं घर मात्र अजून सापडलेलं नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं ते शोधायला निघतोय.